लायब्ररीचं नाव ठरवायचं कुणी?



डिचोलीच्या पॉलिटेक्निकमधल्या प्रकल्पाचा तुझा कोड वाचला. झेडलिब ही लायब्ररी उघडण्यापूर्वी संगणक विंडोजचा, लिनक्सचा की मॅकचा, हे तू चार फाइलींत चारदा तपासतोस. माझ्या मते त्यानुसार फाइलचं नाव ठरवण्याचं काम एकाच ठिकाणी असावं आणि बाकीच्या कोडने फक्त ‘झेडलिब हवी’ एवढंच म्हणावं. पेडण्याला इंग्रजी कागदपत्रांत पर्नेम लिहितात, पण म्हणून घरातल्या घरात कुणी दोन्ही नावं उच्चारत बसत नाही.

तू म्हणशील, हे काम भाषाच करते. जावाला नुसतं ‘झेड’ दिलं तर लिनक्सवर ती पुढे ‘लिब’ आणि मागे ‘डॉट एसओ’ लावते, विंडोजवर मागे ‘डॉट डीएलएल’. खरं आहे, पण विंडोजवर या लायब्ररीची फाइल सहसा ‘झेडलिब१ डॉट डीएलएल’ असते. लिनक्सवर तर वेगळीच गंमत. आकडा नसलेलं ‘लिबझेड डॉट एसओ’ डेबियन-उबुंटूत विकासकांच्या पॅकेजसोबत येतं. साध्या वापरकर्त्याकडे असतं ते ‘लिबझेड डॉट एसओ डॉट १’. म्हणजे तुझ्याकडे चाललेला प्रोग्राम परीक्षकाकडे अडेल. शेवटचा १ हा काही शोभेचा नाही, जुन्या प्रोग्रामशी सुसंगत राहण्याची ती हमी आहे. म्हणून भाषेच्या अंदाजावर सगळं सोपवू नकोस. अपवादांचा छोटा तक्ता स्वतः ठेव. डॉटनेट कोअर ३.० पासून त्यासाठी खास सोय आहे.

‘मग फाइल आहे का तेच आधी पाहतो,’ हा मार्ग मोहाचा आहे, पण टिकणारा नाही. २०२० च्या बिग सरपासून मॅकवर सिस्टिमच्या बहुतेक लायब्ररींच्या सुट्या फाइली डिस्कवर नसतात, त्या एका सामायिक साठ्यात असतात. फाइल दिसत नाही, तरी लायब्ररी उघडते. तेव्हा तपासू नकोस, थेट उघडून पाहा.

राहिला आक्षेप ‘आमच्याकडे सगळे विंडोजच वापरतात’ हा. तिथेही ३२ बिटची डीएलएल ६४ बिटच्या प्रोग्रामात उघडत नाही, नाव अचूक असलं तरी. अशा वेळी ‘लायब्ररी सापडली नाही’ हा तुझा ठोकळेबाज संदेश चक्क दिशाभूल करतो. कोणकोणती नावं वापरून पाहिली आणि प्रत्येकाला सिस्टिमने काय उत्तर दिलं, ते जसंच्या तसं छाप. तक्ता त्यानंतर केलास तरी चालेल.

तुझा मामा