चढ दात्यांचा, कसोटी उताराची!

नेरळ-माथेरानची मिनी ट्रेन म्हणजे आपल्या रायगड जिल्ह्याची शान! १९०७ साली सुरू झालेली ही दोन फुटी गाडी १:२० चा चढ नुसत्या चाकांच्या पकडीवर चढते. निलगिरीच्या गाडीला मात्र कल्लार ते कुन्नूर दरम्यान १:१२ चढावर रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी, म्हणजे रॅक लागते. असं का? घाटाचं मॉडेल करायचं असेल तर आधी हे गणित करा.

समजा इंजिन २०० ग्रॅमचं आणि घर्षणांक ०.२. म्हणजे पकड ४० ग्रॅमची. १:२० वर इंजिन स्वतःला चढवायलाच १० ग्रॅम खातं. उरलेल्या ३० मध्ये ६०० ग्रॅमचे डबे चढतात (रोलिंग रेझिस्टन्स सोडून). १:१२ वर हाच आकडा २८० आणि १:५ वर चक्क शून्य! रुळाला तेलाचा हात लागून घर्षणांक ०.१ झाला, तर १:२० वर ६०० चे २०० होतात. पकड निम्मी, पण ओझं एकतृतीयांश!

रॅक लावली की पकडीची चिंता मिटते, दात्यांची सुरू होते. दोन तुकडे जोडताना तिसरा तुकडा जोडावर उलटा बसवून धरा, म्हणजे दात्यांचं अंतर चुकत नाही. चढ एकदम सुरू करू नका. कोपरा राहिला की पिनियन उचललं जातं आणि दाता सुटतो.

खरी परीक्षा उतरताना. निलगिरीप्रमाणे इंजिन नेहमी उताराच्या बाजूला ठेवा. मग कपलिंग सुटलं तरी डबे इंजिनावर टेकतात, पळत सुटत नाहीत. गिअरबॉक्समध्ये एकपदरी वर्म घ्या. पूर्ण लोड लावून अर्ध्या उतारावर सप्लाय बंद करा. गाडी जागच्या जागी उभी राहिली तर पास! घसरली तर डबे कमी करून भागवू नका, गिअर बदला.

राहिला मेंटेनन्स. आपल्याकडची खारी, दमट हवा लोखंडी रुळाला आठवड्यात गंज आणते. शक्यतो निकेल सिल्व्हरचे रूळ वापरा. रूळ स्पिरिटच्या फडक्याने पुसा. रॅकमधले केस, खडीचे कण जुन्या टूथब्रशने काढा. एक कण पिनियनला दाता चुकवायला पुरतो. ग्रीस फक्त गिअरबॉक्समध्ये, तेही सुईच्या टोकाएवढं.

चढताना गाडी अडली तर लोक हसतात, उतरताना सुटली तर मॉडेल जमिनीवर! म्हणून प्रदर्शनाआधी उताराची टेस्ट दहा वेळा घ्या, मगच पाहुण्यांना बोलवा.