तान्ह्या मुलांच्या तळहातांवरील फोड

तीन-चार महिन्यांच्या मुलाच्या तळहातांवर व तळपायांवर पाण्याने भरलेले ताठ फोड एकाएकी उठले, की घरात घबराट उडते. कोणी 'देवी आल्या' म्हणतो, कोणी नुकत्याच टोचलेल्या लसीला दोष देतो. भारत देवीमुक्त झाल्याचे १९७७ साली जाहीर झाले. तेव्हा पहिली शंका सहज दूर होते. दुसरीचा मात्र विचार करावयास हवा.

असे फोड खरजेने अथवा जंतुसंसर्गानेही येतात. परंतु काही थोड्या मुलांत त्यांचे कारण 'बुलस पेम्फिगॉइड' हा विकार असते. मुख्यतः वृद्धांस होणारा हा रोग अर्भकांत दुर्मिळ आहे. शरीराचे रक्षण करणारी प्रतिद्रव्ये यात स्वतःच्याच त्वचेवर उलटतात. त्वचेचा वरचा थर खालच्या थराशी ज्या प्रथिनांनी जखडलेला असतो, त्यांवरच ती आघात करतात. थर सुटतात व मध्ये पाणी साठते. हा रोग स्पर्शाने पसरत नाही.

लस टोचल्यानंतर थोड्याच दिवसांत असे फोड आल्याच्या काही नोंदी आहेत. तथापि सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत बहुतेक मुलांस लस दिली जाते आणि हा विकारही बहुधा त्याच सुमारास प्रकटतो. एकामागून दुसरे घडले, एवढ्यावरून पहिले दुसऱ्याचे कारण ठरत नाही. लसीमुळेच रोग होतो, असे सिद्ध झालेले नाही. उलट घटसर्प व डांग्या खोकला बालकांचे प्राण घेतात, हे निर्विवाद आहे. म्हणून पालकांनी लसी परस्पर बंद करू नयेत. रोगी मुलास पुढील लस केव्हा द्यावी, हे डॉक्टरांस विचारावे.

फोडालगतच्या त्वचेचा लहानसा तुकडा विशेष पद्धतीने तपासून निदान करतात. स्टिरॉइडयुक्त मलमाने, गरज पडल्यास पोटात द्यावयाच्या औषधाने, रोग आटोक्यात येतो. बहुतेक मुले काही महिन्यांत पूर्ण बरी होतात व रोग क्वचितच उलटतो. मात्र औषध एकाएकी थांबवू नये.

घरी पुढील दक्षता घ्यावी :
१. फोड सुईने फोडू नयेत. राख, शेण अथवा झाडपाला लावू नये.
२. अंग स्वच्छ, कपडे मऊ व सैल ठेवावेत.
३. अंगावरचे दूध चालू ठेवावे.
४. ताप आला, फोडांत पू झाला अथवा मूल दूध पिईनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

शिक्षकांनी व ग्रामसेवकांनी ही माहिती घरोघरी पोहोचवावी. वेळेवर दाखविलेले मूल बहुधा पूर्ण बरे होते.