दार्ष्टांतिकावाचून शिक्षण

तरुण पिढीच्या चारित्र्याविषयी आज सर्वत्र चिंता व्यक्त होते. परंतु आपण त्या पिढीस शिकवितो कसे, याचा विचार क्वचितच होतो. या दृष्टीने ‘दृष्टांतपाठ’ या ग्रंथाची रचना चिंतनीय आहे.

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी निरूपिलेले ११४ दृष्टांत केशिराजबासांनी तेराव्या शतकात ग्रथित केले. प्रत्येक प्रकरणाची अंगे तीन : सूत्र, दृष्टांत व दार्ष्टांतिक. सूत्र म्हणजे सिद्धांतवचन. दृष्टांत म्हणजे लोकव्यवहारातील उदाहरण. आणि ते उदाहरण सिद्धांतास कसे लागू पडते हे उलगडून दाखविते ते दार्ष्टांतिक. पहिली दोन अंगे स्वामींची, तिसरे केशिराजबासांचे.

हत्तीचा दृष्टांत सर्वश्रुत आहे. जात्यंध हत्ती पाहावयास गेले. ज्याच्या हाती पाय लागला तो म्हणाला, हत्ती खांबासारखा. ज्याच्या हाती कान आला तो म्हणाला, सुपासारखा. मूळ विषय परमेश्वरस्वरूपाच्या ज्ञानाचा आहे.

येथे शंका अशी की, दृष्टांत इतका सुबोध असता दार्ष्टांतिकाचे प्रयोजन काय? समाधान असे की, त्यावाचून विद्यार्थी त्या आंधळ्यांना हसतो आणि उठून जातो. तो आंधळा आपणच आहोत, हे त्यास कळत नाही. स्वतःकडे वळून पाहणे येथूनच सुरू होते, आणि चारित्र्यही येथूनच घडते.

या संबंधात स्वतःचा एक दोष सांगणे कर्तव्य समजतो. पूर्वी आश्रमातील मुलांना मी पाठ देत असे. त्यांत एक बारा वर्षांचा मुलगा पाठांतरात सर्वांच्या पुढे होता. अहिंसेचे प्रकरण त्यास मुखोद्गत होते. एके सायंकाळी त्याने धाकट्या सोबत्यास उच्चार चुकला म्हणून छडीने मारले. मी रागावून जाब विचारला, तेव्हा तो निरागसपणे म्हणाला, “बाबा, तुम्ही मला असेच शिकविले ना?”

मी निरुत्तर झालो. छडी माझीच होती. अहिंसेचे सूत्र त्याने माझ्या मुखातून ऐकले होते. त्याचे दार्ष्टांतिक मात्र माझ्या हातापासून घेतले होते. त्या दिवसापासून छडी सुटली. पाठांतर थोडे मंदावले, परंतु मुले शंका विचारू लागली.

तात्पर्य, गुरूने दार्ष्टांतिक सांगितले नाही तरी विद्यार्थी ते शोधतोच, आणि गुरूच्या आचरणात शोधतो. म्हणून तरुणांच्या चारित्र्याची परीक्षा करण्यापूर्वी शिकविणाराने आपल्या आचाराची परीक्षा करावी. पालकांनाही हाच न्याय लागू आहे.