गुडगुडी सोडण्याविषयीची रुग्णाची धारणा आणि वैद्याचे कर्तव्य

श्रीवर्धन तालुक्यातील हरिहरेश्वर हे काळभैरव व योगेश्वरीचे क्षेत्र. येथे यात्रेकरूंप्रमाणेच मुंबई-पुण्याकडील तरुण पर्यटकही येतात. अशा किनारी गावात चिकित्सा करणाऱ्या वैद्याने तंबाखूच्या दोन रूपांचे भान ठेवावे : घरातील मशेरी आणि शहरी तरुणांची गुडगुडी, म्हणजेच हुक्का. "तंबाखू घेता का?" या प्रश्नास दोहोंचे सेवन करणारे सहज "नाही" म्हणतात, कारण मशेरी दंतमंजन समजली जाते व हुक्का केवळ सुगंधी वाफ. जो स्वतःस व्यसनी मानीत नाही, तो व्यसनत्यागाचा विचार करीत नाही. म्हणून औषधापूर्वी धारणेची चिकित्सा आवश्यक ठरते.

तीन गैरसमज

१) *पाण्याने धूर शुद्ध होतो.* पाण्याने धूर केवळ थंड होतो, त्यामुळे तो घशास न बोचता खोलवर ओढला जातो. निकोटीन पुरेसे गाळले जात नाही. कोळशापासून कार्बन मोनॉक्साइडही मिळतो. एका बैठकीत १०० किंवा अधिक सिगारेटींइतका धूर ओढला जाऊ शकतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली नमूद केले.

२) *'हर्बल' हुक्का निरुपद्रवी असतो.* तंबाखू वगळली तरी कोळसा व धूर राहतोच. शास्त्रोक्त धूमपानाचा येथे आधार घेणे अयोग्य होय. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ५व्या अध्यायात प्रायोगिक, स्नैहिक व वैरेचनिक धूम सांगताना काल, मात्रा व अपात्र व्यक्तीही सांगितल्या. अकाली वा अतिसेवनाने बाधिर्य, आंध्य, मूकत्व, रक्तपित्त व शिरोभ्रम हे उपद्रव वर्णिले. तंबाखू तर बृहत्त्रयीत नाहीच. ती पोर्तुगीजांबरोबर भारतात आली.

३) *मनात येईल तेव्हा सोडता येईल.* निकोटीनची सवय मित्रमंडळींच्या बैठकीतच रुजते. राज्यात २०१८ च्या कायदादुरुस्तीने हुक्का पार्लरवर बंदी आली. परंतु कायदा पार्लर बंद करतो, मनातील धारणा बदलत नाही.

व्यवहारातील क्रम

इतिहास घेताना विडी, सिगारेट, गुटखा, मशेरी व गुडगुडी यांविषयी पृथक् प्रश्न विचारावेत. "सोडावीशी वाटते का?" हेही विचारावे, नकार आल्यास उपदेश न करता धुराचे वास्तव सांगून पुढील भेटीत तोच प्रश्न पुन्हा करावा.

तयारी दिसल्यास चरकसूत्रस्थानाच्या ७व्या अध्यायातील पादांशिक क्रम उपयुक्त ठरतो. अपथ्याचा चतुर्थांश सोडून त्या जागी पथ्याचा चतुर्थांश द्यावा. महिन्यास ८ बैठका असतील तर ६, ४, २ व अखेर शून्य असा क्रम निश्चित तारखांसह लिहून द्यावा. बैठक काढताना सोबतही काढून घेतली जाते. म्हणून सायंकाळचे फिरणे वा खेळ यांसारखा पर्याय द्यावा. गर्भिणी व हृद्रोगी यांना मात्र क्रमाची सवलत नको. तत्काळ त्यागच सांगावा. चिडचिड, अनिद्रा व मलावरोध ही आरंभीची लक्षणे तात्पुरती असतात, हे पूर्वीच सांगितल्यास रुग्ण खचत नाही. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी १८००-११-२३५६ याचाही उपयोग करावा.

औषधविक्रेत्या बंधूंनी 'हर्बल' धूम्रमिश्रणे व सिगारेटी फळीवर ठेवू नयेत. औषधी दुकानात मिळणारी वस्तू निरुपद्रवीच असणार, असे ग्राहक मानतो. त्या विश्वासाच्या बळावर धूर विकला गेला, तर दवाखान्यातील समुपदेश व्यर्थ होय.