गोंदण

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून पूर्वी लहान मुलींच्या कपाळावर व हातांवर गोंदीत असत. ‘दागिने येथेच राहतात, गोंदण तेवढे मरणानंतरही सोबत येते,’ अशी वृद्ध स्त्रियांची श्रद्धा असे. परंतु सुईची वेदना सोसणाऱ्या मुलीची इच्छा सहसा कोणी विचारीत नसे.

आज अनेक तरुण हौसेने गोंदवून घेतात. ‘देह आमचा, आवडही आमची,’ असे ते म्हणतात. ‘आजची आवड उद्या टिकेल काय?’ असे वडील मंडळी विचारतात. दोहोंच्या म्हणण्यात तथ्य आहे. त्वचेचा वरचा थर झडून नवा येतो. त्याखाली उतरलेला रंग मात्र राहतो. शिवाय एकच सुई अनेकांना वापरल्यास काविळीसारखे रोग रक्तावाटे पसरू शकतात.

त्या मुलींना जो निर्णय घेता आला नाही, तो आज आपल्या हाती आहे. म्हणूनच तो जाणत्या वयात, पूर्ण विचारान्ती घ्यावा.