कारागिराचा हात आणि बादलीभर पाणी

मुलांनो, इंदूरचा राजवाडा तुम्ही पाहिलाच असेल. होळकरांच्या या वाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी. 1984 च्या आगीत त्याची फार हानी झाली. अशी वास्तू पुन्हा उभी करायला नुसता पैसा पुरत नाही. चुना मुरवणारा आणि लाकडाचे सांधे जुळवणारा कारागीर लागतो.

आपल्या देपालपुरात आता घरे सिमेंटची. पण कारागिराची गरज संपली असे नाही. 50 किलोच्या गोणीतले सिमेंट धरण्यासाठी खरे तर 12-13 लिटर पाणी पुरते. माल नीट पसरावा म्हणून ते 25 लिटरच्या आसपास घेतात. न शिकलेला मजूर मात्र काम सोपे व्हावे म्हणून आणखी एक बादली ओततो. जादा पाणी पुढे उडून जाते, त्याच्या जागी बारीक छिद्रे राहतात आणि स्लॅब कमजोर होतो.

आमच्याच गच्चीचे असे झाले. मिस्त्री मनाचा चांगला, पण पाणी अंदाजाने! त्यात मे महिना, आणि तिसऱ्या दिवशी तराई बंद. भारतीय मानक 456 प्रमाणे साध्या सिमेंटला किमान 7 दिवस, कोरड्या उन्हात 10 दिवस ओल राखावी लागते. दुसऱ्याच पावसाळ्यात गच्ची गळू लागली. दुरुस्तीला नवा मिस्त्री आला, तेव्हा वडिलांनी मजुरी विचारण्याआधी विचारले, "एका गोणीला पाणी किती घालता?"