गर्भवतीचे मीठ कोणते?

"डॉक्टर, मी हल्ली फक्त सैंधवच खाते," तिसऱ्या महिन्यातील एका भगिनीने कौतुकाने सांगितले. मी तिला आधी तेच बंद करायला लावले. सैंधवात व साध्या खडेमिठात आयोडीन नगण्य असते. पावसाने जमिनीतले आयोडीन वाहून जाते, त्यामुळे धान्य-भाजीतूनही ते पुरेसे मिळत नाही.

एरवी रोज १५० मायक्रोग्रॅम पुरते, गर्भवतीस मात्र २५० लागते. पहिले तीन महिने बाळाची थायरॉईड ग्रंथी तयार नसते. मेंदूची वाढ आईच्याच संप्रेरकावर चालते. तीव्र कमतरतेत बाळाची बुद्धी खुंटते, बहिरेपण येते. आईच्या गळ्याला सूज दिसेपर्यंत वाट पाहू नये.

मीठ जास्त नको, आयोडीनयुक्त हवे. चुलीशेजारच्या उघड्या बरणीत आयोडीन उडून जाते. घट्ट झाकणाचा डबा वापरावा, मीठ भाजीत शेवटी घालावे. थायरॉईडचा आजार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.